अस्तरातले आड : मोठ्या आतड्याविषयी वाचकांचे प्रश्न

मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीविषयी या सदरात लिहिल्यापासून आलेली बहुतेक पत्रे एकाच जागी अडलेली दिसतात, आणि ती जागा म्हणजे तुकडा तपासून आलेला अहवाल. दुर्बिणीत काय दिसले ते डॉक्टर समोर बसवून सांगतात. तुकड्याचा अहवाल लिहिणारा माझ्यासारखा विकृतिशास्त्रज्ञ मात्र रुग्णाला कधी भेटत नाही, त्यामुळे त्याची भाषा कागदावर तशीच पडून राहते. म्हणून या वेळी मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराविषयीचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (सातारा) : माझे वय ६६ आहे. तीन महिने पोट बिघडलेले असल्यामुळे दुर्बिणीतून तपासणी झाली आणि चार ठिकाणचे तुकडे घेतले गेले. अहवालात ‘क्रिप्टची रचना अबाधित, गॉब्लेट पेशींचे प्रमाण योग्य, लॅमिना प्रोप्रियामध्ये दाहपेशींची सौम्य वाढ’ असे लिहिले आहे. घरात कोणी म्हणते सगळे ठीक आहे, कोणी म्हणते आतड्याला सूज आहे. यातला कोणता शब्द काय सांगतो?

उत्तर : पहिले दोन शब्दप्रयोग दिलासा देणारे आहेत आणि तिसऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण एवढ्यावर न थांबता आपला तुकडा काचपट्टीवर कसा दिसला असेल ते सांगतो, म्हणजे शब्द आपोआप उलगडतील.

चिमट्याने घेतलेला तुकडा तांदळाच्या कणीपेक्षा फारसा मोठा नसतो. तो फॉर्मालिनमध्ये बुडवून प्रयोगशाळेत येतो, तेथे त्यातले पाणी टप्प्याटप्प्याने काढून त्या जागी मेण भरले जाते आणि मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशे-तीनशेव्या हिश्शाइतके पातळ काप काढले जातात. रंग देण्यापूर्वी हा काप काचेवर आहे की नाही हेही पटकन कळत नाही. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके जांभळट निळी झाली आणि इओसिनने उरलेला भाग गुलाबी झाला, की मग चित्र उमटते.

काप उभा आणि सरळ आला असेल तर भिंगाखाली परीक्षानळ्यांची एक रांग दिसते. नळ्यांची तोंडे आतड्याच्या पोकळीकडे उघडी आणि तळ खाली बंद. या प्रत्येक नळीला क्रिप्ट म्हणतात. जुन्या वाड्यांच्या चौकात अरुंद, खोल, बांधीव आड असत, त्यांची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. फरक इतकाच, की या आडाची खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्याचा काठ दगडांचा नसून पेशींच्या एकेरी थराचा असतो. बर्लिनचे योहान लीबरक्यून यांनी १७४५ साली आतड्याच्या अस्तराचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत यांना लीबरक्यूनच्या ग्रंथी म्हणतात. मी येथे आडच म्हणणार आहे. दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात असे सुमारे एक कोटी आड असतात आणि एकेका आडाच्या भिंतीत साधारण दोन हजार पेशी असतात. तुकडा आडवा कापला गेला तर हेच आड शेवंतीच्या फुलांसारखे गोल दिसतात, आणि वरून पाहिले तर त्यांची तोंडे रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सारख्या अंतरावर मांडलेली आढळतात.

‘रचना अबाधित’ या शब्दांचा अर्थ असा, की हे आड सरळ आहेत, एकमेकांना समांतर आहेत आणि त्यांचे तळ खालच्या पातळ स्नायूपट्टीवर नीट टेकलेले आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा दीर्घकाळचा दाह असेल तर आडांना फाटे फुटतात, काही आखूड होतात, काही नाहीसे होतात आणि उरलेल्यांचे तळ स्नायूपट्टीपासून वर उचलले जातात. ही मोडतोड व्हायला आठवडे लागतात. चार दिवसांच्या जंतुसंसर्गात अस्तर लालबुंद होते, पांढऱ्या पेशी आडांच्या भिंतींत शिरतात, पण रांग मोडत नाही. आपली तक्रार तीन महिन्यांची आहे आणि तरीही रांग शाबूत आहे, या गोष्टीला म्हणून वजन आहे.

गॉब्लेट पेशी म्हणजे पेल्याच्या आकाराच्या, श्लेष्म तयार करणाऱ्या पेशी. त्यांतला श्लेष्म नेहमीच्या रंगांना फारशी दाद देत नाही, म्हणून आडाच्या भिंतीत त्या पांढुरक्या थेंबांसारख्या उठून दिसतात. अल्शियन ब्लू हा रंग दिला तर त्याच सुरेख निळ्या होतात. दाह पेटलेला असताना या पेशी आपला साठा रिता करून बसतात आणि भिंत एकसारखी गुलाबी दिसू लागते. आपल्या तुकड्यांत तसे झालेले नाही.

राहिला तिसरा शब्दप्रयोग. आडांच्या मधल्या मोकळ्या जागेला लॅमिना प्रोप्रिया म्हणतात. रक्तवाहिन्या तेथेच असतात आणि लसीका पेशी व प्लाझ्मा पेशीही तेथेच वस्तीला असतात, कारण अस्तराच्या एका बाजूला कोट्यवधी जिवाणू असताना दुसऱ्या बाजूला पहारा असणारच. यातल्या प्लाझ्मा पेशी प्रामुख्याने आयजीए नावाचे प्रतिपिंड बनवतात आणि ते आडांच्या भिंतींतून पोकळीत पोहोचवले जाते. ही वस्ती आतड्याच्या उजव्या भागात मुळातच दाट आणि डाव्या भागात विरळ असते. त्यामुळे ‘सौम्य वाढ’ हा शब्द कोणत्या भागातल्या तुकड्यासाठी वापरला आहे हे पाहावे लागते. खरे सांगायचे तर हा शब्द आम्ही विकृतिशास्त्रज्ञ गरजेपेक्षा सढळ हाताने वापरतो. काहीच न लिहिण्यापेक्षा काहीतरी लिहिलेले बरे, अशी सवय त्यामागे असते. आपल्या डॉक्टरांनी तुकड्यांची जागा पाहून त्याकडे दुर्लक्ष करायचे ठरवले, तर त्यात हयगय झाली असे समजू नये.

प्रश्न (नाशिक, बारावीचा विद्यार्थी) : लहान आतड्याच्या आत बोटांसारखे अंकुर असतात असे आम्हाला शिकवले. मोठ्या आतड्यात ते का नसतात? शोषण तर तेथेही होते.

उत्तर : तुझा प्रश्न नेमका आहे. लहान आतड्याला अन्नाचे असंख्य रेणू थोड्या वेळात उचलायचे असतात, म्हणून त्याला क्षेत्रफळ हवे असते आणि ते अंकुरांमुळे मिळते. मोठ्या आतड्यापर्यंत अन्न पोहोचते तेव्हा उचलण्याजोगे बरेचसे उचलून झालेले असते. उरलेले काम मुख्यतः पाणी आणि क्षार परत घेण्याचे असते आणि त्यासाठी घाई नसते. शिवाय मळ जसजसा घट्ट होत जातो तसतसा तो अस्तरावरून घासत पुढे सरकतो. अशा जागी नाजूक अंकुर टिकले नसते, तेथे सपाट पृष्ठभाग आणि खाली सुरक्षित आड हीच मांडणी सोयीची आहे. पचनमार्गाच्या आतल्या पृष्ठभागाला टेनिसच्या मैदानाची उपमा अजून बऱ्याच पुस्तकांत आढळते, पण २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने केलेल्या मोजमापात तो एकूण सुमारे ३२ चौरस मीटर भरला, आणि त्यातले मोठ्या आतड्याच्या वाट्याला फक्त २ चौरस मीटर आले.

एक गंमत मात्र तुझ्या वर्गात सांगण्यासारखी आहे. आईच्या पोटातल्या गर्भाच्या मोठ्या आतड्यात काही महिने अंकुर असतात. जन्मापूर्वी ते नाहीसे होतात आणि मागे फक्त आड उरतात.

आता पाण्याचा हिशेब. आपण पितो ते आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे शरीरानेच ओतलेले असे मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यात उतरतो आणि मळाबरोबर बाहेर जातो तो फार तर शंभर-दोनशे मिलिलिटर. हे पाणी ओढून घेणारा पंप पाण्याचा नसून सोडियमचा आहे. अस्तराच्या पृष्ठभागावरच्या पेशी पोकळीतला सोडियम आत घेतात आणि मागच्या बाजूने रक्ताकडे ढकलतात. पाणी त्याच्या मागोमाग जाते. पेशींमधले सांधे येथे लहान आतड्यापेक्षा घट्ट असल्यामुळे ओढलेला सोडियम सहजी मागे झिरपत नाही. आतड्याच्या शेवटच्या भागात तर अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक, मूत्रपिंडात करते त्याच पद्धतीने, हा पंप कमी-जास्त करते. गरज पडली तर मोठे आतडे दिवसाला चार-पाच लिटर द्रव परत घेऊ शकते. पटकीसारख्या आजारात लहान आतडे त्याहून जास्त ओतू लागते, आणि मग धरण भरून वाहते.

प्रश्न (कोल्हापूर) : वडिलांच्या पोटावर आठ महिन्यांपासून शौचाची पिशवी आहे. खालचे आतडे काढलेले नाही, पुढे जोडायचे आहे असे सांगितले आहे. तिकडे काहीच जात नसताना त्यांना गुदद्वारातून अधूनमधून आव पडते. मध्ये एकदा थोडे रक्तही दिसले. हे कसे?

उत्तर : रक्त दिसल्याचे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना आधी कळवा, पुढचे त्यानंतर वाचले तरी चालेल.

वापरात नसलेले आतडे बंद पडलेल्या नळासारखे कोरडे होईल अशी आपली समजूत असते. पण ते जिवंत अस्तर आहे. मळ येवो न येवो, त्याच्या गॉब्लेट पेशी श्लेष्म बनवत राहतात, तो साचतो आणि अधूनमधून बाहेर येतो. कधी तो आतच वाळून त्याचा घट्ट गोळाही होतो. इतपत सगळे अपेक्षित आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला हे आधीच सांगायला हवे असते. ते बहुधा राहून जाते.

रक्ताचे कारण मात्र जास्त विचार करायला लावणारे आहे. शरीरातल्या बहुतेक पेशींना इंधन रक्तातून मिळते. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपले बरेचसे इंधन पोकळीच्या बाजूने घेतात. आपल्याला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोहोचला, की तेथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार होतात. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. रोडिगर यांनी १९८० साली माणसाच्या मोठ्या आतड्यातून वेगळ्या केलेल्या पेशींवर प्रयोग करून दाखवले, की त्या वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी ७० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन ब्युटिरेट जाळण्यासाठीच खर्च होतो. म्हणजे शेजारी रक्तवाहिनी भरून वाहत असतानाही ही पेशी जिवाणूंनी रांधलेल्या शिध्यावर जगते.

वडिलांच्या खालच्या आतड्यात चोथा जात नाही, म्हणून आंबवण होत नाही, म्हणून ब्युटिरेट नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. अशा आतड्याचे अस्तर काही महिन्यांत नाजूक होते, बोट लागले तरी रक्त येईल असे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लॅमिना प्रोप्रियात लसीका पेशींचे गोल पुंजके दिसू लागतात. १९८१ साली याला वळवलेल्या आतड्याचा दाह, म्हणजे डायव्हर्जन कोलायटिस, हे नाव मिळाले. पिशवी लावलेल्या पुष्कळ रुग्णांच्या तुकड्यांत हा बदल आढळतो, त्रास मात्र थोड्यांनाच होतो. १९८९ साली या मेदाम्लांचा एनिमा देऊन काही रुग्णांचे अस्तर सुधारल्याचे दाखवले गेले, पण पुढच्या अनुभवात तो उपाय सगळ्यांना सारखा लागू पडला नाही. आतडे पुन्हा जोडल्यावर मळ वाहू लागला, की हा दाह सहसा आपोआप निवळतो. तरीही रक्ताचे कारण हेच आहे असे घरी बसून ठरवू नये, विशेषतः मूळ शस्त्रक्रिया गाठीसाठी झाली असेल तर.

प्रश्न (लातूर) : आमच्याकडे पोट बिघडले की ‘आव झाली’ म्हणतात. आव म्हणजे नेमके काय? शौचाच्या तपासणीत अमीबा निघाला, तर प्रत्येक वेळी औषध घ्यावेच लागते का?

उत्तर : आव म्हणजे वर अनेकदा आलेला श्लेष्मच. तो रोज तयार होतो, रोज मळाला वंगण म्हणून मिसळून जातो, आणि मिसळलेला असल्यामुळे दिसत नाही. अस्तर चिडले म्हणजे तो जास्त सुटतो आणि वेगळा दिसू लागतो. म्हणून आव ही अस्तराची प्रतिक्रिया आहे. तिचे कारण मुरडा असेल, साधा बिघाड असेल किंवा एखादा जुना दाह असेल.

या श्लेष्माचे दोन थर असतात. वरचा सैल, त्यात जिवाणू सुखाने राहतात. खालचा दाट, पेशींना घट्ट चिकटलेला. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ साली उंदरांच्या आतड्यात दाखवून दिले, की या खालच्या थरात जिवाणू जवळजवळ नसतातच. दोन्ही थर एमयूसी-२ नावाच्या एकाच प्रथिनाच्या जाळ्याने बनलेले असतात, आतले जाळे अधिक घट्ट विणलेले एवढाच फरक. हे प्रथिन बनवू न शकणाऱ्या उंदरांमध्ये जिवाणू थेट पेशींना जाऊन भिडतात आणि आतड्याला दाह होतो. फॉर्मालिनमध्ये टाकलेल्या तुकड्यात हा थर आकसून जातो, म्हणून इतकी वर्षे तो आमच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नव्हता.

अमीबाचा रोग या थरापासूनच सुरू होतो. एन्टामीबा हिस्टोलिटिका आधी श्लेष्माला चिकटतो, मग आपल्या विकरांनी त्याचे जाळे तोडतो आणि अस्तरातून खाली उतरतो. पृष्ठभागावर त्याने पाडलेले भोक लहान असते, पण खालच्या सैल थरात तो आजूबाजूला पसरतो, त्यामुळे उभ्या कापात हा व्रण सुरईसारखा दिसतो: मान अरुंद आणि पोट मोठे. व्रणाच्या काठाशी हे जीव सापडतात, आणि त्यांच्या पोटात गिळलेल्या लाल रक्तपेशी दिसल्या, की निदानाबद्दल शंका उरत नाही.

आता औषधाचे. एन्टामीबा डिस्पार नावाचा याचाच एक निरुपद्रवी भाऊबंद आहे आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे कोश, म्हणजे शौचातून बाहेर पडणारे त्यांचे कवचबंद रूप, हुबेहूब सारखे दिसतात. त्यामुळे काही त्रास नसताना केवळ ‘कोश दिसले’ एवढ्या शेऱ्यावरून वर्षातून तीन-तीनदा त्याच गोळ्यांचा डोस घेण्याची पद्धत मला पटत नाही. आवेबरोबर रक्त, मुरडा, ताप किंवा वजन घटणे असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा उशीर करू नये.

प्रश्न (ठाणे) : रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण घेतल्याशिवाय माझा कोठा साफ होत नाही. वीस वर्षे झाली. नुकत्याच झालेल्या दुर्बिणीच्या तपासणीत आतडे ‘काळे पडले आहे’ असे सांगितले. वनस्पती औषधाने असे कसे होईल?

उत्तर : वनस्पतीनेच हे होते, आणि ते फार पूर्वीपासून माहीत आहे. या स्थितीला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात. सोनामुखीच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्ये असतात. लहान आतड्यातून ती न शोषता तशीच पुढे जातात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना फोडतात आणि मग त्यांचा परिणाम सुरू होतो. रात्री घेतलेले चूर्ण सकाळी लागू पडते ते या प्रवासामुळे. फोडून निघालेले द्रव्य आतड्याला जोरात आकुंचन पावायला लावते, पाणी परत घेण्याचे काम मंदावते, आणि त्याचबरोबर अस्तरातल्या काही पेशींना मरायला लावते. मेलेल्या पेशींचे अवशेष लॅमिना प्रोप्रियातल्या भक्षक पेशी गिळतात. गिळलेल्याचा जो भाग पचत नाही, तो त्यांच्या पोटात तपकिरी कणांच्या रूपाने साठतो. काचपट्टीवर पाहिले तर आडांची रांग जागच्या जागी असते आणि मधल्या जागेत तपकिरी मिरी भुरभुरावी तशा या पेशी विखुरलेल्या असतात. नावात ‘मेलॅन’ असले तरी हे कातडीतले मेलॅनिन नव्हे. लायपोफ्युसिन नावाचा तो झिजेचा रंग आहे. कोरफडीचा वाळवलेला चीक आणि रेवंदचिनी यांतही याच जातीची द्रव्ये असतात, त्यामुळे चूर्ण बदलले तरी आतला घटक बहुधा तोच राहतो.

हा रंग स्वतः अपायकारक नाही, त्यामुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि चूर्ण बंद केल्यावर काही महिन्यांत ते वर्षभरात तो ओसरतो. उलट त्याचा एक उपयोग होतो: काळसर अस्तरावर एखादी गाठ वाढत असेल तर ती हा रंग घेत नाही, म्हणून दुर्बिणीत चटकन गुलाबी उठून दिसते.

पण आपल्या पत्रातला ‘कोठा साफ’ हा शब्द मला जास्त टोचला. साफ करण्याजोगे भांडे म्हणून आतड्याकडे पाहण्याची सवय आपल्या घराघरांत आहे, आणि तिच्यावर चूर्णांचा मोठा बाजार उभा आहे. अस्तरावर वर्षानुवर्षांची घाण चिकटून बसते अशी जाहिरातींतली भाषा असते. इतक्या वर्षांत हजारो तुकडे पाहिले, तसा थर मला एकदाही दिसला नाही. आणि दिसणारही नाही, कारण ज्या पेशींवर तो चिकटायचा त्या पेशीच चार-पाच दिवसांत झडून जातात. चूर्ण एकदम तोडू नका, त्याने हाल होतील. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू कमी करत इसबगोल, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि पुरेसे पाणी यांवर या.

प्रश्न (पुणे) : आईला, वय ६२, चार महिने रोज सहा-सात वेळा पाण्यासारखे जुलाब होतात. दुर्बिणीत आतडे स्वच्छ निघाले, तुकडे घेतले नाहीत. ‘मनाचे आहे’ असे सांगून परत पाठवले.

उत्तर : मनाचे असेलही, पण तुकडे न घेता तसे म्हणता येत नाही. मायक्रोस्कोपिक कोलायटिस या आजाराचे नावच सांगते, की तो दुर्बिणीला दिसत नाही. आडांची रांग यातही सरळ असते. त्याच्या एका प्रकारात अस्तराच्या पेशींमध्ये लसीका पेशी घुसतात: एरवी दर शंभर पेशींमागे चार-पाच असतात, येथे वीस किंवा अधिक. दुसऱ्या प्रकारात पृष्ठभागाच्या पेशींखाली कोलॅजेनची एक गुलाबी पट्टी जाड होते. ती दहा मायक्रॉनपेक्षा जास्त भरली, की निदान पक्के. त्या पट्टीमुळे आणि वरच्या दाहामुळे पाणी परत घेण्याचे काम बिघडते आणि जुलाब पाण्यासारखे होतात. हा आजार उतारवयातल्या स्त्रियांत जास्त आढळतो, आणि काही वेदनाशामके व आम्लपित्तावरच्या काही गोळ्या यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. म्हणून आई कोणत्या गोळ्या घेतात त्याची यादी डॉक्टरांना दाखवा. तुकडे एकाच जागेचे नकोत, उजव्या आणि डाव्या दोन्ही भागांतले हवेत, आणि वेगवेगळ्या बाटल्यांत हवेत. निदान झाले तर ब्युडेसोनाइड या औषधाने बहुतेकांना चांगला आराम पडतो.

प्रश्न (न्यू जर्सी) : माझ्या आतड्यातून एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ काढली. अहवाल : ‘ट्युब्युलर ॲडिनोमा, लो ग्रेड डिस्प्लेसिया’. अस्तराच्या पेशी दर पाच दिवसांनी बदलतात असे वाचले. मग बिघडलेली पेशीही पाच दिवसांत झडून का जात नाही?

उत्तर : बहुतेक वेळा जातेच. प्रत्येक आडाच्या तळाशी मोजक्या मूळपेशी असतात. त्या विभागत राहतात, नव्या पेशी भिंतीवरून वर सरकत जातात, सरकता सरकता आपापले काम शिकतात, काठावर पोहोचतात आणि चार-पाच दिवसांत पोकळीत गळून पडतात. वाटेत एखाद्या पेशीच्या जनुकात बिघाड झाला तर तो तिच्याबरोबरच बाहेर जातो. म्हणून एवढ्या विभाजनांच्या मानाने या अस्तराचा कर्करोग कमीच होतो असे म्हणावे लागेल.

तळाच्या मूळपेशी मात्र जागा सोडत नाहीत. २००७ साली नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने एलजीआर-५ या खुणेवरून त्या उंदरांमध्ये ओळखून दाखवल्या. या मूळपेशींची आपसात जागेसाठी सतत चढाओढ चालते आणि कालांतराने एका आडातल्या सगळ्या पेशी एकाच मूळपेशीच्या वंशज ठरतात. बिघाड या मूळपेशीतच झाला तर तो झडत नाही, सगळा आड त्याचा होतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य रोगांत एपीसी नावाचे जनुक बिघडलेले सापडते. ते ठीक असते तेव्हा भिंतीवरून वर सरकणाऱ्या पेशीला विभाजन थांबवण्याचा निरोप देते. तो निरोप मिळाला नाही, की पेशी काठावर आल्यावरही तळातल्यासारखीच वाढत राहते, आड फुगतो, दुभंगतो, शेजारी नवे आड उभे राहतात आणि गाठ तयार होते.

आपल्या काचपट्टीवर हेच दिसले असणार: तळाशी शोभतील अशी लांबट, गडद, दाटीवाटीने उभी केंद्रके पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली आणि गॉब्लेट पेशी कमी झालेल्या. पेशींच्या या बिघडलेल्या रूपाला ‘डिस्प्लेसिया’ म्हणतात आणि अशा पेशींच्या आडांनी बनलेल्या गाठीला ‘ॲडिनोमा’. ‘ट्युब्युलर’ म्हणजे गाठीत आडांचा नळीचा आकार अजून राखलेला आहे. ‘लो ग्रेड’ म्हणजे केंद्रके गडद झाली असली तरी पेशींची उभी मांडणी ढळलेली नाही. हा कर्करोग नव्हे. अशा बहुतेक गाठींचा कर्करोग होत नाही; ज्यांचा होतो त्यांनाही साधारण दहा वर्षे लागतात, आणि आपली तर काढूनच टाकलेली आहे. अहवालात ‘काठ मोकळा आहे’ किंवा ‘पूर्ण काढली’ असा शेरा आहे का ते पाहा. नसेल तर गाठ एकसंध निघाली की तुकड्यातुकड्यांनी, हे दुर्बिणीच्या डॉक्टरांना विचारा. पुढची तपासणी किती वर्षांनी करायची ते गाठींची संख्या, आकार आणि आपल्या घरातला आजाराचा इतिहास यांवरून तेच ठरवतील.